भोपळ्याचे सार: गावची चव बटरनटमध्ये कशी उतरवावी?

गोठ्यावरचा वेल (प्रश्न)

आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भावंडे गावी जात असू, तेव्हा भातकापणी बहुतेक आटोपलेली असे, खळ्यात झोडणी चाललेली असे आणि पहाटे अंगावर गोधडी ओढून घ्यावीशी वाटेल एवढा गारवा हवेत आलेला असे. पावसाच्या तोंडावर आजीने गोठ्याच्या मागे टोकलेल्या बियांचा वेल तोवर कौलांवर पसरून वाळायला लागलेला असे, आणि इतके दिवस पानांआड दडलेले भोपळे एकदम उघडे पडत. ते उतरवण्याचे काम काकांचे, आणि खाली गोणपाट ताणून उभे राहण्याचे आमचे. सगळे भोपळे माळ्यावर जात. त्यांतला एखादा फोडला की त्या रात्री गुरगुट्या भात आणि भोपळ्याचे सार ठरलेले असे.

ते सार मला आजही नीट आठवते. ते हळदीपेक्षा गडद रंगाचे, वाटीतून पिता येईल इतपत दाट असे आणि त्यावर तुपाचा बारीक तवंग असे. चव आधी गोड लागे, मग आमसुलाची आंबट, आणि शेवटी जिभेवर काहीतरी खरपूस उरे, ज्याचे नाव मला कधीच सापडले नाही. आजीला जाऊन बरीच वर्षे झाली. आईला विचारले तर ती म्हणते, "त्यात काय होते एवढे? भोपळा, नारळ आणि आमसूल."

सध्या मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. ऑक्टोबर उजाडला की इथली दुकाने तऱ्हेतऱ्हेच्या भोपळ्यांनी भरून जातात, आणि जो तो स्क्वॉशच्या, म्हणजे भोपळ्याच्या, सूपविषयी बोलू लागतो. त्यामुळे मलाही त्या साराची ओढ लागली. पहिल्या वेळी मी दारात ठेवतात तो मोठा नारिंगी भोपळा आणला आणि कुकरला तीन शिट्ट्या केल्या. हाती दोरे आणि पाणी आले. दुसऱ्या वेळी बटरनट नावाचा लांबट भोपळा आणून तसाच शिजवला, त्यात डब्यातले नारळाचे दूध आणि आमसुले घालून चांगली उकळी काढली. दूध फाटले, आणि चव अशी लागली की जणू खिरीत आमसूल पडले आहे.

म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गावच्या भोपळ्याच्या जवळचा इथला प्रकार कोणता? नारळाचे दूध फाटू नये म्हणून काय करावे? आणि ती शेवटची खरपूस चव कशाची असावी? मला तिरफळाची शंका होती, पण आई म्हणते की तिरफळ आमच्याकडे माशांच्या कालवणाखेरीज कुठे पडत नसे.

कुंडीतली शेती

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो, कारण गेली काही वर्षे मी घरामागच्या दोन वाफ्यांत हेच उद्योग करतो आहे.

कोरण्यासाठी विकले जाणारे मोठे नारिंगी भोपळे त्यांच्या आकारासाठी निवडलेले असतात, चवीसाठी नव्हे. ते बहुधा कुकुर्बिटा पेपो या प्रजातीचे असतात आणि त्यांचा गर दोरेदार व पाणचट असतो, त्यामुळे तुमच्या कुकरला दोष देऊ नये. आपल्याकडे बाजारात फाका करून विकला जाणारा तांबडा भोपळा मात्र बहुतेक वेळा कुकुर्बिटा मोशाटा या प्रजातीचा असतो, आणि बटरनटही त्याच प्रजातीचा आहे. एक गोल, उभ्या शिरांचा आणि दुसरा लांबट, गुळगुळीत, म्हणून त्यांचे नाते डोळ्यांना दिसत नाही इतकेच. गंमत अशी की बटरनट 1940च्या दशकात तुमच्याच मॅसॅच्युसेट्समधील स्टो गावी तयार झाला आणि त्याच्या सर्वांत प्रसिद्ध वाणाला जवळच्या वॉल्थमचे नाव आहे, म्हणजे तुम्ही त्याच्या माहेरीच राहता. शिवाय भोपळ्याचे हे सारे कूळ मूळचे अमेरिका खंडांतले आहे आणि आपल्याकडे ते कोलंबसानंतरच्या काळात आले. तुमच्या आजीच्या गोठ्यावरचा वेलसुद्धा एका अर्थी परदेशातूनच आलेला होता.

काबोचा नावाचा हिरव्या सालीचा जपानी भोपळाही दिसेल. तो चवीला सुरेख असतो, परंतु त्याचा गर उकडलेल्या रताळ्यासारखा कोरडा असल्याने साराचे पिठले होते. अगदी घाईच असेल तर डब्यातला भोपळ्याचा गर चालतो, कारण इथे तो मुख्यतः डिकिन्सन नावाच्या मोशाटा वाणापासूनच करतात. मात्र त्यात भाजल्याची चव मुळीच नसते.

निवडताना डेख वाळलेला आणि शाबूत आहे, सालीवर हिरव्या रेघा उरलेल्या नाहीत आणि नख दाबले तरी रुतत नाही, हे पाहावे. चकाकणारा बटरनट बहुधा कोवळा असतो. साल निस्तेज असेल तो घ्यावा. घरी आणल्यावर लगेच चिरण्याची घाई करू नये. 10 ते 13 अंश सेल्सिअसच्या कोरड्या जागेत तो दोन-तीन महिने सहज टिकतो आणि पहिल्या काही आठवड्यांत त्यातील पिष्टाची हळूहळू साखर होत असल्याने अधिक गोड होतो. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये.

शिजवण्याविषयी माझे मत ठाम आहे: कुकर नको. भोपळ्यात मुळातच पुष्कळ पाणी असते, कुकरमध्ये त्यात आणखी भर पडते आणि चव पातळ होते. बटरनट उभा चिरून बिया काढाव्यात, कापलेल्या बाजूला तूप चोळावे, ती बाजू खाली करून ट्रेवर ठेवावे आणि 400 अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे 200 अंश सेल्सिअसला, 45 मिनिटे ते तासभर भाजावे. सुरी विनासायास आरपार गेली की झाला. पाणी उडून जाते, कडांवरची साखर तांबूस होते आणि गर चमच्याने निघत असल्याने साल सोलण्याचा त्रासही वाचतो. कच्चा बटरनट सोलताना निघणाऱ्या चिकाने अनेकांच्या हाताची त्वचा ताणल्यासारखी होऊन सोलपटते, त्यामुळे सोलायचाच असेल तर हातमोजे घालावेत.

एक सूचना गंभीरपणे घ्यावी. कोणताही भोपळा चिरल्यावर कच्चा कण जिभेवर ठेवून पाहावा आणि तो कडू लागला तर सरळ फेकून द्यावा. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो, ती शिजवल्याने नाहीशी होत नाहीत आणि माणसाला चांगलेच आजारी पाडू शकतात.

मुक्काम पोस्ट लांजे

तू मला मुलीच्या वयाची वाटतेस, म्हणून एकेरी लिहिते आहे; राग मानू नकोस.

तुझ्या "खरपूस" या शब्दापाशी मी थांबले. तिरफळाचा वास नाकात चढतो आणि जीभ किंचित बधिर करतो, त्याला कोणी खरपूस म्हणणार नाही. तुझ्या आजीने काय केले हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण आमच्या घरी काय होत असे ते सांगते, मग तूच ठरव. आमच्या न्हाणीत पहाटेपासून चुलीवर पाण्याचा हंडा तापत असे. सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या की त्या चुलीत निखारे आणि फुफाटा उरे, आणि तो वाया घालवणे आमच्या सासूबाईंना मानवत नसे. कधी त्यात रताळी पुरलेली असत, कधी काजूच्या बिया, आणि दिवाळीच्या सुमारास भोपळ्याची मोठी फाक, सालीची बाजू खाली करून. स्वयंपाकघरातल्या चुलीवर दुसरे काही ना काही शिजत असल्यामुळे हे काम न्हाणीतच होई. दुपारपर्यंत साल कोळशासारखी काळी पडे, आतला गर लोण्यासारखा होई आणि त्याला धुराचा वास लागलेला असे. तुझी शेवटची चव हीच असावी असा माझा कयास आहे. आईला मसाल्यांविषयी न विचारता चुलीविषयी विचारून पाहा.

आता सार. ओव्हनमध्ये कसे भाजायचे ते वर सांगितलेच आहे; मी एवढेच सुचवीन की भोपळा शिजल्यावर फोडी उलट्या करून वरच्या आचेखाली पाच-सात मिनिटे ठेवाव्यात, म्हणजे पृष्ठभागावर काळे डाग पडतील. ते डाग काढून टाकू नयेत. सव्वा किलोच्या भोपळ्यातून सुमारे पाऊण किलो गर निघतो आणि तो चार माणसांना पुरतो.

पाच-सहा आमसुले वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घालावीत. गर रवीने घुसळावा. यंत्रात फिरवून अगदी रेशमासारखा केला तर तो दिसायला छान दिसतो, पण साराला थोडे अंग हवे. त्यात तीन वाट्या पाणी, मीठ आणि ठेचलेले आले घालून मंद आचेवर दहा मिनिटे उकळू द्यावे. गूळ घालू नकोस. आमच्या भोपळ्याला चिमूटभर गूळ लागत असे, पण तुमचा बटरनट मुळातच गोडमिट्ट असतो, आणि तुझी खीर बहुधा तिथेच झाली.

दुधाचे म्हणशील, तर ते फाटण्याला तुझी उकळी कारणीभूत आहे. नारळाच्या दुधाला एकतर आंबटपणा सोसतो किंवा खळखळून उकळी, दोन्ही एकदम सोसत नाहीत. सोलकढी आपण चुलीवर चढवत नाही ती काही उगीच नव्हे. आजीने दोन दुधे काढली असतील. खोबरे वाटून पहिल्यांदा पिळलेले दाट दूध बाजूला ठेवायचे आणि चोथ्यात पुन्हा पाणी घालून काढलेले पातळ दूध सारात शिजवायचे. तुझ्याकडे डबा असेल तर त्यातले निम्मे दूध तेवढ्याच पाण्यात मिसळून त्यात चहाचा चमचाभर तांदळाची पिठी कालव आणि ते आधी सारात घालून ढवळत राहा. ताकाच्या कढीला बेसन जसे धरून ठेवते तशीच ही पिठी दुधाला धरून ठेवते. त्यानंतर आच अगदी बारीक करून आमसुलाचे पाणी, मग उरलेले दाट दूध घाल, कडेला बुडबुडे दिसू लागताच भांडे उतरव आणि पुन्हा उकळू नकोस.

फोडणी शेवटी आणि तुपाचीच: जिरे, चार-पाच मेथीदाणे, कढीपत्ता आणि एक सुकी मिरची मोडून. मेथीदाणे बदामी होताच सारावर ओतावे, कारण ते काळे पडले की सगळे सार कडू होते. आमच्याकडे हळद घालत नसत; भोपळ्याचा रंग पुरेसा असतो.

धुराविषयी आणखी एक उपाय आहे. साध्या लाकडी कोळशाचा तुकडा लालबुंद करून वाटीत घालायचा, ती वाटी सारात अलगद ठेवायची, कोळशावर तुपाचे दोन थेंब सोडून लगेच झाकण घालायचे आणि तीन-चार मिनिटांनी वाटी काढून घ्यायची. कोळसा घराबाहेर पेटव, बंद खोलीत नको, आणि पेटवण्याचे तेल लावलेल्या विकतच्या वड्या तर मुळीच वापरू नकोस.

वऱ्हाडी पाहुणा

वरच्या सर्व सूचना उत्तम आहेत, तरी एक गोंधळ आधीच दूर करतो, कारण पुढे कोणी विदर्भातील पाककृती शोधायला गेल्यास फसगत होईल. आमच्या अमरावतीकडे या तांबड्या भोपळ्यालाच कोहळे म्हणतात, तर पुण्या-मुंबईकडे कोहळा म्हटले की पेठ्याचे पांढरे फळ समोर येते. कुठे यालाच डांगर म्हणतात, कुठे काशीफळ, कुठे गंगाफळ, आणि नुसते "भोपळा" म्हटले तर दुधी आणून देणारेही भेटतात. मी स्वतः लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासुरवाडीला कोहळा आणायला गेलो आणि पांढरे फळ घेऊन परतलो.

चवीच्या बाबतीत मात्र माझा मतभेद नोंदवतो. नारळ आणि आमसूल ही तुमच्या किनाऱ्याची सवय आहे, भोपळ्याची गरज नव्हे. आमच्या आईच्या हातचे पातळ कोहळे असे असे: तेलात मेथीदाणे आणि लाल मिरची, त्यावर फोडी, थोडा गूळ, चिंचेचा कोळ, आणि दाटपणासाठी पाण्यात कालवलेले मूठभर ज्वारीचे पीठ. सणावारी खसखस, सुके खोबरे यांचे वाटण लावून बाकर भाजी होई, पण ती वेगळी आणि खर्चिक गोष्ट. ज्वारीच्या पिठाला फाटण्याची भीती नसते, एवढे तरी मान्य करावे.

आणि "सूप" या शब्दाविषयी जाता जाता: आमच्या घरी सूप म्हणजे धान्य पाखडायचे. "आज सूप पिऊ या" असे मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा आई माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली होती.

गोठ्यावरचा वेल

उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण सगळे करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

लांज्याच्या काकूंनी सुचवल्याप्रमाणे आईला साराविषयी न विचारता न्हाणीच्या चुलीविषयी विचारले. ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "हो, त्या चुलीत भोपळा असायचा खरा. पण तो गुरांच्या आंबोणासाठी असतो असे मी समजत होते." आई लग्न होऊन त्या घरात आली, मुंबईला बिऱ्हाड असल्याने वर्षातून दोनदा गावी जाई, आणि सकाळी स्वयंपाकघरात असे; न्हाणीकडे तिचे जाणे आंघोळीपुरतेच. आजीने तो भोपळा सारासाठी भाजते आहे असे कधी सांगितले नाही आणि आईने कधी विचारले नाही. आता आईच मला रोज फोन करून विचारते की सार झाले का.

पहिल्या रविवारी ओव्हनमध्ये भाजून केले. दोरे नव्हते, दूध फाटले नाही, आणि गूळ न घातल्याने खीरही झाली नाही, तरी ते एक चांगले सूप होते, आजीचे सार नव्हते. दुसऱ्या रविवारी फोडी वरच्या आचेखाली काळ्या होईपर्यंत ठेवल्या, आणि धूर ओळखणारी घंटा वाजू लागल्यावर नवऱ्याने खिडक्या उघडून टॉवेल फिरवला. कोळशाची धुरी अंगणात, थंडीत उभे राहून दिली. झाकण काढले तेव्हा आलेला वास मी पुढे वर्णन करत नाही, कारण मला ते नीट जमणार नाही. घोट घेतला, आधी गोड, मग आंबट, आणि मग ते.

आजीच्या सारापेक्षा हे अजूनही थोडे दाट आहे, तेव्हा पुढच्या वेळी पाण्याची वाटी वाढवीन. माझ्या लेकीने ते पावाबरोबर खाल्ले आणि भाताला हात लावला नाही. वऱ्हाडी पाहुण्यांचे पातळ कोहळेही बुधवारी केले. ज्वारीचे पीठ खरोखरच धरते, मात्र आमच्या घरात मत एकाच बाजूला पडले, आणि ते किनाऱ्याच्या बाजूने पडले.

मुक्काम पोस्ट लांजे

आईला माझा नमस्कार सांग. बिया टाकल्या नाहीस ना? धुऊन, सावलीत वाळवून राखेत घोळवून ठेवायच्या, म्हणजे पुढल्या वर्षी कामी येतात.

कुंडीतली शेती

राख नसेल तर कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवल्या तरी चालते. मात्र दुकानातला बटरनट संकरित असल्यास त्याच्या बियांतून तसाच भोपळा येईल याची खात्री नसते, आणि वेलाची फळे कडू निघाली तर वर लिहिलेले विसरू नये. तुमच्याकडे शेवटचे दहिवर (गोठलेले दव) पडण्याची भीती मे अखेरीस सरते, त्यानंतरच बी टोकावे, आणि वेल दहा-बारा फूट धावेल एवढी जागा ठेवावी.

गोठ्यावरचा वेल

बिया ठेवल्या आहेत. गोठा नाही, पण गॅरेजचे छप्पर उतरते आहे.